कॅम्पसवर जात, वंश किंवा रंगावरून अपमान झाला तर: गोव्यातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

पाऊस लागला की ताळगावच्या पठारावर, फर्मागुडीच्या चढावर, झुआरीनगरच्या फाटकाशी नवी मुलं बॅगा घेऊन उतरतात. कुणी काणकोणहून, कुणी सत्तरीतून, कुणी सावंतवाडी-बेळगावहून, कुणी मणिपूर-नागालँडहून, तर कुणी थेट आफ्रिकेतून. त्यांतल्या काहींना पहिल्याच सत्रात जे ऐकावं लागतं, त्याच्यासाठी हा लेख.

माझं पदव्युत्तर शिक्षण गोव्यातच झालं. संस्थेचं नाव घेणार नाही. वडील सावंतवाडी तालुक्यातून म्हापशाला कामाला आले आणि इथेच राहिले. आम्ही बौद्ध, दाखल्यावर महार. माझा प्रवेश खुल्या जागेतून झाला होता, आणि तसं का, ते तिसऱ्या पायरीत येईल. तरी दुसऱ्या सत्रात प्रयोगशाळेत अकरा जणांसमोर शिक्षक मला म्हणाले, "कोट्यातून आलेल्यांना तेच तेच चारदा सांगावं लागतं." कुणी काही बोललं नाही. रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावर हसण्याच्या खुणा आल्या.

मी एका ओळखीच्या मॅडमकडे गेले, रडले, सगळं सांगितलं. त्या मनापासून म्हणाल्या, "मी बोलते सरांशी." मी चार महिने थांबले. पुढे तेच पुन्हा घडलं आणि मी कार्यालयात गेले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "याआधी तक्रार केली होती का?" केली होती, पण तोंडी. कागदावर काहीच नव्हतं, म्हणून त्यांच्या लेखी ते घडलंच नव्हतं. ते चार महिने तुमचे जाऊ नयेत.

१. घडलं त्याला नाव द्या

आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गोंयांत जात-बीत कांय ना." हे बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना ती कधी टोचलेली नसते, एवढंच. पण आडनाव ऐकल्यावर लगेच "मूळ गाव खंयचें?" हा प्रश्न येतो आणि मग "कुळदेव कोण?" असा दुसरा. हे कशासाठी चाललंय ते विचारणाऱ्याला कळतं आणि सांगणाऱ्यालाही. ख्रिस्ती घरांतही बामण, चारदो, सुदीर हे शब्द लग्न ठरवताना निघतातच. गावडे, कुणबी हे समाजांची नावं आहेत, पण वसतिगृहात "काय कुणब्यासारखा वागतोस" असं सहज म्हटलं जातं. माझी खोलीतली मैत्रीण काणकोणची, वेळीप समाजातली. ती ताटात हाताने भात कालवायची, तर समोरची मुलगी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायची. तक्रार कशाची करायची हेच तिला कित्येक दिवस कळत नव्हतं, कारण कुणी एक शब्दही बोललेलं नव्हतं.

शिवाय गोव्याची म्हणून एक वेगळी शिवी आहे: "घाटी". घाटापलीकडून आलेला, म्हणजे कमी प्रतीचा. ती मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मजुरांच्या मुलांना लागते. ईशान्येकडच्या मुलांना "चिंकी", "मोमो" ऐकावं लागतं. आफ्रिकन विद्यार्थ्यांना तर नावही मिळत नाही, सगळ्यांना "नायजेरियन" म्हणतात, मग तो टांझानियाचा असला तरी. २०१३ साली पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि तेव्हाच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांची तुलना कर्करोगाशी केली. त्याने नंतर माफी मागितली. पण तेव्हापासून भाड्याची खोली शोधणाऱ्या काळ्या विद्यार्थ्याला दारावरच "ना" ऐकू येतं, ते मी स्वतः त्याच्याबरोबर उभी राहून ऐकलं आहे.

हे "आपल्यालाच लागलं" असं मानू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता नियमांत भेदभाव कशाला म्हणायचं ते सोप्या शब्दांत दिलं आहे. वर्गात विद्यार्थ्याची जात, जमात, धर्म किंवा प्रदेश जाहीर करणं. "राखीव" असा शिक्का मारणं. अभ्यासात मागे पडण्याचं कारण म्हणून जात, प्रदेश किंवा वंश यांचा उल्लेख करणं. गुण देताना वेगळा हात लावणं, शिष्यवृत्ती अडवणं, खानावळीत किंवा वसतिगृहात वेगळं बसवणं. मला जे वाक्य ऐकवलं गेलं, ते या यादीत जवळजवळ शब्दशः बसत होतं. ते वाचलं त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

२. त्याच रात्री लिहून काढा

वहीत लिहा किंवा स्वतःलाच ईमेल करा. ईमेल बरा, त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. तारीख, वेळ, खोली, कोण कोण होतं, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. "त्यांनी माझा अपमान केला" हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचं नाही. शब्द कोकणीत बोलले गेले असतील तर कोकणीतच लिहा, इंग्रजीत असतील तर इंग्रजीत. शिवी असेल तर शिवीही. आपल्याला ती लिहिताना लाज वाटते आणि आपण "अपशब्द वापरले" लिहितो. मीही पहिल्या मसुद्यात तसंच लिहिलं होतं. समितीत बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय?" आणि मला पाच अनोळखी माणसांसमोर ते तोंडाने म्हणावं लागलं. कागदावर असतं तर म्हणावं लागलं नसतं.

ग्रुपवरचं बोलणं असेल तर संतापून ग्रुप सोडू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मग पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. ज्या फोनवर ते आलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते सोपं जातं.

तिथे हजर असलेल्या एकाला तरी त्याच दिवशी साधा मेसेज करा: "आज लॅबमध्ये सर मला अमुक म्हणाले, तू ऐकलंस ना?" त्याचं "हो" हा पुरावा असतो. पंधरा दिवसांनी तोच मित्र "मला नीट आठवत नाही" म्हणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचेही अंतर्गत गुण त्याच सरांच्या हातात असतात.

३. कागद गोळा करा, आणि दाखल्याचा घोळ आधीच समजून घ्या

साध्या संस्थांतर्गत तक्रारीसाठी लागतं ते एवढंच:

- ओळखपत्र आणि प्रवेशाच्या पावतीची प्रत
- घटनेची नोंद (दुसऱ्या पायरीतली)
- स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, प्रत्येकावर तारीख आणि तुमची सही
- साक्षीदारांची नावं, त्यांना विचारून
- जातीच्या किंवा जमातीच्या दाखल्याची प्रत, असेल तर

शेवटच्या ओळीतलं "असेल तर" महत्त्वाचं आहे. भेदभावाची तक्रार करायला दाखला लागत नाही. मला कार्यालयात सांगितलं गेलं, "गोव्याचा दाखला आणा, मग बघू." मी तीन आठवडे उपजिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या फेऱ्या मारल्या. तो दाखला मला मिळणारच नव्हता, आणि या तक्रारीसाठी तो लागतही नव्हता.

का मिळणार नव्हता, ते सांगते, कारण गोव्यात कित्येक मराठी घरांची हीच गोष्ट आहे. गोव्यासाठी अनुसूचित जाती-जमातींची यादी १९६८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. इथला दाखला हवा तर घराणं १९ फेब्रुवारी १९६८ ला गोव्याचं रहिवासी असावं लागतं. वडील त्यानंतर आले असतील तर तुमचा जन्म म्हापशाच्या इस्पितळातला असला तरी जात मोजली जाते मूळ राज्यात, आणि इथल्या राखीव जागेवर हक्क येत नाही. माझा दाखला सिंधुदुर्गाचा. म्हणून माझा प्रवेश खुल्या गटातून झाला. सवलत नाही, शिक्का मात्र आहे.

पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. राखीव जागा वेगळी आणि अत्याचारापासून संरक्षण वेगळं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निर्वाळा दिला आहे की एका राज्यात अनुसूचित जाती-जमातीत असलेल्या माणसाला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण दुसऱ्या राज्यातही मिळतं. गोवा त्याच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे सिंधुदुर्गचा दाखला असलेली मी, बेळगावचा दाखला असलेला मुलगा, नागालँडचा जमातीचा दाखला असलेली मुलगी, आम्हा सगळ्यांना हे लागू आहे. "तुमचा दाखला इथे चालत नाही" असं कुणी म्हणालं तर विचारा: जागेसाठी, की तक्रारीसाठी?

धर्माचा घोळही इथे बराच होतो. अनुसूचित जात ही हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मानली जाते, बौद्धांना ती १९९० पासून. जमातीला धर्माची अट नाही. गावडा, कुणबी, वेळीप हे समाज २००३ साली गोव्याच्या जमातींच्या यादीत आले, आणि ख्रिस्ती गावडा मुलाचा हक्क हिंदू गावडा मुलाइतकाच आहे. धनगर समाज मात्र अजून त्या यादीबाहेर आहे, त्यामुळे धनगर विद्यार्थ्याने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यावर भिस्त ठेवू नये. त्याच्यासाठी खालची पहिली दोन दारं आहेत.

४. योग्य दार निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. एकच कागद चार ठिकाणी देऊन मुलं बसून राहतात आणि प्रत्येक ठिकाणी "हे आमच्याकडे नाही" ऐकतात.

भेदभाव-विरोधी अधिकारी. २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि असा अधिकारी असायला हवा, आणि तक्रार ६० दिवसांत निकाली निघायला हवी. शिक्षकाकडून, कर्मचाऱ्याकडून किंवा विभागाकडून जात, वंश, धर्म, भाषा यांवरून वागणूक बदलली असेल तर पहिलं दार हेच. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे समता नियम काढले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. म्हणून अर्जात नियमांचं साल घालण्याआधी त्या आठवड्यात कोणते नियम लागू आहेत ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. चुकीचं साल घातलं म्हणून माझ्या ओळखीच्या एकाचा अर्ज परत आला.

रॅगिंग-विरोधी समिती. तक्रार विद्यार्थ्याविरुद्ध असेल तर हे दार सगळ्यात वेगवान. बऱ्याच जणांना रॅगिंग म्हणजे सीनियरने नाचायला लावणं एवढंच वाटतं. २०१६ च्या दुरुस्तीने रंग, वंश, धर्म, जात, वांशिकता, लिंग, रूप, राष्ट्रीयत्व, प्रदेश, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ रॅगिंगमध्ये आणला. वाळीत टाकणंही त्यात येतं. म्हणजे ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाण्याला या नियमात जागा आहे. "चिंकी" म्हणणं, आफ्रिकन मुलाला नावाऐवजी रंगाने हाक मारणं, तेही याच दारातून. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२, चोवीस तास. तिथे नाव उघड न करताही तक्रार घेतात, आणि ती संस्थाप्रमुखांकडे पोचते. मणिपूरच्या माझ्या मैत्रिणीने रात्री अकराला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डन स्वतः खोलीवर आल्या.

विद्यार्थी तक्रार निवारण समिती. प्रवेश, गुण, शिष्यवृत्ती, कागद अडवून ठेवणं, अशा कारभाराच्या तक्रारींसाठी. २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने शक्यतो १५ कामकाजी दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सनकडे) अपील. समितीत किमान एक स्त्री आणि किमान एक मागास घटकातली व्यक्ती असणं बंधनकारक आहे. बैठकीला गेल्यावर ती आहे का ते बघा, नसेल तर तसं लेखी नोंदवा.

अंतर्गत समिती. लैंगिक छळ असेल तर, आणि तो जातीच्या बोलण्याबरोबर आला असेल तरी, तीन महिन्यांच्या आत इथे अर्ज करा. जातीची तक्रार वेगळी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

शेवटचं दार पोलिस. त्याला वेगळी पायरी दिली आहे.

५. अर्ज लिहा आणि पोच घ्या

मराठीत लिहिलात तरी चालतं. गोव्याच्या राजभाषा कायद्याने मराठीला कारभारात जागा दिलेली आहे. पण समितीत परप्रांतीय प्राध्यापक असतील तर सोबत इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे भाषेच्या नावाखाली तारीख पुढे जाणार नाही. एक पान पुरतं. माझ्या दुसऱ्या अर्जाचा गाभा असा होता:

"मी अमुक वर्गाची विद्यार्थिनी. दिनांक अमुक रोजी सकाळी सुमारे साडेअकराला प्रयोगशाळा क्रमांक अमुकमध्ये अमुक यांनी अकरा विद्यार्थ्यांसमोर मला उद्देशून पुढील शब्द वापरले: '…'. त्या वेळी हजर असलेल्यांपैकी अमुक आणि अमुक यांनी साक्ष देण्यास संमती दिली आहे. हे वर्तन आयोगाच्या समता नियमांनुसार भेदभाव ठरते. माझी मागणी: (१) नियमाने ठरलेल्या मुदतीत चौकशी, (२) चौकशी चालू असेपर्यंत माझ्या प्रयोगवहीचे आणि तोंडी परीक्षेचे मूल्यमापन दुसऱ्या शिक्षकांकडे, (३) निर्णयाची लेखी प्रत."

दुसऱ्या मागणीकडे लक्ष द्या. मुलं शिक्षा मागतात आणि स्वतःचं रक्षण मागायला विसरतात. गुण त्याच माणसाच्या हातात राहिले तर तुम्ही आणि तुमचे साक्षीदार दोन्ही अडकता.

अर्ज कुणाच्या हातात देऊन येऊ नका. आवक विभागात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "सर नाहीत, ठेवून जा" म्हणाले तर ईमेल करा आणि मूळ कागद स्पीड पोस्टाने पाठवा. पावती फाइलला लावा. ही फाइल घरी ठेवा, खोलीवर नको.

६. "समजुती"ची बैठक

पोच घेतल्यावर दोन-चार दिवसांत फोन येतो. "जरा येऊन जा, बसून बोलू." तिथे चहा असतो, वडीलधारा आवाज असतो, आणि शेवटी एक कागद असतो ज्यावर "गैरसमज दूर झाला" असं लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा जवळजवळ सही केली होती. सरांच्या घरची अडचण सांगितली गेली, माझ्या शिफारसपत्राचा विषय निघाला, "तू हुशार आहेस, पुढे जायचंय ना" असंही कुणी म्हणालं.

एकट्या जाऊ नका. बोलावणं लेखी मागा. गेल्यावर विचारा की ही समितीची बैठक आहे की खासगी बोलणं. बैठक असेल तर इतिवृत्त हवं आणि त्याची प्रत हवी. खासगी बोलणं असेल तर नम्रपणे उठून या. त्याच दिवशी ईमेल टाका: "आज अमुक वाजता मला बोलावून असं असं सांगण्यात आलं. माझी तक्रार कायम आहे." एवढ्या दोन ओळींनी नंतरचं खूप काही वाचतं.

घरचेही समजूत घालतील, आणि ते जास्त जड जातं. माझ्या आईचं म्हणणं एकच होतं: "बाय, तुझी डिग्री होऊ दे आधी." तिने आयुष्यभर गप्प राहून आम्हाला शिकवलं होतं, तिच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी तिला अर्ज वाचून दाखवला. तिने शब्द ऐकले आणि फक्त विचारलं, "सही नीट केलीस ना?"

या काळात जेवण, झोप, अभ्यास यांची आबाळ होते. समुपदेशकाकडे जा, आणि खोलीत एकटं राहू नका. रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने २०१६ साली हैदराबादला जीव दिला, पायल तडवी या शिकाऊ डॉक्टरने २०१९ साली मुंबईत. दोघांच्या आया पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि समता नियम कागदावर न राहता पाळले जावेत म्हणून भांडल्या. तुमच्या हातातला हा नियम त्या दोघींनी जिवंत ठेवलेला आहे. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला तर अर्ज-बिर्ज बाजूला ठेवा आणि टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. अर्ज नंतर करता येतो.

७. पोलिसांकडे केव्हा

तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीच्या असाल, समोरचा त्यात नसेल, आणि लोकांच्या नजरेसमोर जातीवरून हेतुपुरस्सर अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ झाली असेल, तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो. "लोकांच्या नजरेसमोर" यावर बहुतेक प्रकरणं अडतात. बंद केबिनमध्ये दोघंच असताना बोललेलं या कलमात सहसा टिकत नाही. म्हणून साक्षीदार हवेत, आणि जमलं तर जवळच्या मैत्रिणींखेरीज आणखी कुणीतरी.

गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. ठाण्यावर "आधी कॉलेजचा अहवाल आणा" म्हणाले तर हेच सांगा. जबाब तुम्हाला वाचून दाखवायचा असतो आणि प्रत फुकट द्यायची असते. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. नोंदच घेतली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात अधीक्षकांना पाठवा. राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६६. अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पहिल्या सल्ल्यासाठी आम्ही पैसे उसने घेतले होते.

परदेशी विद्यार्थ्यांना हा कायदा लागत नाही. त्यांनी रॅगिंगच्या दारातून जावं, आणि धमकी किंवा मारहाण असेल तर न्याय संहितेखाली साधा गुन्हा नोंदवावा. त्यांच्याबरोबर एक स्थानिक माणूस ठाण्यावर जाणं फार गरजेचं असतं. व्हिसाची भीती त्यांना गप्प ठेवते, आणि बाजूला कोकणी-मराठी बोलणारं कुणी असलं की बोलण्याचा सूर बदलतो.

८. ज्यांना हे कधी ऐकावं लागलं नाही त्यांच्यासाठी

माझा पहिला साक्षीदार फोंड्याचा, ब्राह्मण घरातला. तो माझा मित्रही नव्हता. त्याने आधी मला विचारलं, "मी बोललो तर तुला चालेल का?" आणि मग समितीपुढे ऐकलेले शब्द सांगितले, त्यात आपलं मत मिसळलं नाही. त्याच्या शब्दाला जे वजन मिळालं ते माझ्या शब्दाला मिळालं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही दिसलं. ते वजन जन्माने मिळालेलं असतं. ते नाकारत बसण्यापेक्षा त्याने ते माझ्या बाजूला ठेवलं.

त्यामुळे: न विचारता दुसऱ्याची गोष्ट इन्स्टाग्रामवर टाकू नका. माझी एकीने टाकली, चांगल्या हेतूने, नावासकट, आणि माझ्या गावापर्यंत ती पोचली. मोर्च्याच्या पुढे उभं राहण्याची घाई करू नका, झेरॉक्स काढायला पैसे आणि वेळ द्या. पीडित मुलीला "नक्की काय झालं ते पुन्हा सांग" असं दहा जणांनी विचारू नये, एकाने लिहून घ्यावं. आणि "मी जात मानत नाही" हे वाक्य त्या आठवड्यात तरी तिच्यासमोर म्हणू नका.

गट बांधायचा असेल तर लहान ठेवा, पण मिसळलेला: आमच्यात वेळीप, बौद्ध, एक धनगर मुलगा, दोन ईशान्येच्या मुली, एक केनियाचा विद्यार्थी, आणि तो फोंड्याचा. पहिल्या बैठकीत आमचंच भांडण झालं, कारण "भायले", म्हणजे बाहेरचे, हा शब्द वेळीप मैत्रिणीच्याच तोंडून आला आणि तो मला लागला. तिचंही खरं होतं: जमीन गेलेल्यांना बाहेरून येणाऱ्यांची भीती असते. बाळ्ळीला २५ मे २०११ रोजी आदिवासींच्या आंदोलनात मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप हे दोन तरुण मृत्युमुखी पडले, ते तिच्या घरच्या बोलण्यात अजून रोज असतं. मला ते नावापुरतंही माहीत नव्हतं. त्या दिवशी अर्ज-मागण्या बाजूला राहिल्या आणि आम्ही एकमेकांचं ऐकत बसलो. पुढचं काम त्यानंतरच सुरळीत झालं.

मागण्या अशा ठेवा की ज्या पूर्ण झाल्या की नाही ते डोळ्यांनी बघता येईल. "जातिभेद नष्ट करा" यावर कुणीही सही करतो. आमच्या मागण्या: भेदभाव-विरोधी अधिकाऱ्यांचं नाव आणि वेळ प्रत्येक विभागाच्या फलकावर, गुणांच्या आणि शिष्यवृत्तीच्या याद्यांत नावापुढे प्रवर्ग छापणं बंद, समितीत कोण आहे त्याची यादी संकेतस्थळावर. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या. उत्तराची मुदत ३० दिवस. आमच्या अर्जाचं उत्तर येण्याआधीच एक समिती नव्याने नेमली गेली.

आवारात निदर्शनं करायची तर आधी लेखी कळवा, जागा आणि वेळ ठरवा, आणि जमावबंदीचा आदेश चालू नाही ना ते पाहा. घोषणांत कुणाच्या जातीचं नाव येता कामा नये, समोरच्याच्याही.

९. निर्णय आल्यावर

लेखी प्रत मागा. तोंडी "त्यांना समज दिली आहे" एवढ्यावर थांबू नका. पटलं नाही तर अपील करा, भेदभाव-विरोधी अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील संस्थाप्रमुखांकडे जातं. अपिलात नवी गोष्ट रचू नका. जुन्याच अर्जातला कोणता मुद्दा तपासला गेला नाही ते क्रमांकाने लिहा.

त्यानंतरचे सहा महिने फाइल चालू ठेवा. हजेरीत कमी-जास्त, अंतर्गत गुणांत अचानक घसरण, शिफारसपत्राला टाळाटाळ, प्रयोगशाळेच्या वेळा बदलणं, हे झालं तर तारखेसकट नोंद करा आणि त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन कळवा. तक्रार केली म्हणून त्रास देणं ही नवी तक्रार असते.

माझ्या प्रकरणाला ६० ऐवजी ८३ दिवस लागले. सरांनी लेखी दिलगिरी दिली, त्यात "जर कुणाला वाईट वाटलं असेल तर" असं होतं. मी ती परत पाठवली, माझे शब्द आणि तारीख घालून मागितली. दुसरी प्रत तशी आली. पुढच्या सत्राची गुणयादी लागली तेव्हा मी आणि काणकोणची मैत्रीण फलकासमोर उभ्या राहून ती वरपासून खालपर्यंत वाचत गेलो. आसन क्रमांक होते आणि गुण होते.